गाडीची नळी आणि सासूबाईंची सुई

गाडीखाली पाणी साचलं होतं. फार नाही, बशीभर. दुसरा कोणी असता तर ते न बघता कामावर निघून गेला असता. मी गुडघ्यांवर बसलो, त्यात बोट बुडवून वास घेतला आणि "हं" म्हणालो. माझ्या पुढच्या सगळ्या हालअपेष्टांचं मूळ त्या "हं"मध्ये आहे, कारण ते मागे उभ्या असलेल्या बायकोने ऐकलं.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही. खालची नळी गेलीय. बदलून टाकतो."

"तुम्ही?"

तिने हे अगदी साध्या आवाजात विचारलं होतं, हे मी तिच्या बाजूने नमूद करतो. पण आमच्या दिवाणखान्यात एक भिंतीवरचं घड्याळ आहे. ते मी दुरुस्त केल्यापासून ठोके नियमित देतं, फक्त काटे हलवत नाही. तिची नजर आता त्याच दिशेला, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या खिडकीकडे गेली. अशा नजरेनंतर माघार घेणं कुठल्याही स्वाभिमानी माणसाला जड जातं.

शिवाय वेळ तशी होती. माझी बायको शाळेत विज्ञान शिकवते. तिची मुख्याध्यापिका म्हणून नेमणूक झाली होती, पण शहराबाहेर, दगडखाणीच्या पलीकडल्या शाळेत. तिथे जाणारी बस दुपारी निघते आणि शाळा भरते सकाळी. हे वेळापत्रक कोणी आखलं ते मला माहीत नाही, पण तो माणूस शाळेत फारसा गेला नसावा. येत्या सोमवारी पहिल्या घंटेला ती हजर झाली नाही, तर जागा सेवाज्येष्ठतेने पुढच्या बाईंकडे जाणार होती. या पुढच्या बाई स्वभावाने फार प्रेमळ. त्या रोज फोन करून आमच्या गाडीच्या तब्येतीची चौकशी करत.

अशीच जागा तिला पूर्वी एकदा चालून आली होती. तेव्हा आमची आता शिकायला बाहेरगावी असलेली मुलगी लहान होती, माझी आई अंथरुणाला खिळलेली होती, आणि ती "असू दे" म्हणाली होती. पुढे तिने तो विषय कधी काढला नाही. पण ते "असू दे" माझ्या कानात राहिलं होतं, आणि ते दुसऱ्यांदा ऐकायची माझी तयारी नव्हती. म्हणून तर आम्ही ही गाडी घेतली होती. ती इतकी जुनी होती की तिची काच वर करायला खाली उतरून दोन्ही हातांनी ओढावी लागे. पण ती चालत होती आणि आम्हाला झेपत होती. बायको तिच्यावर हात बसवून झकास चालवायलाही लागली होती.

"गॅरेजमध्ये देऊ या ना," ती म्हणाली.

गाडीच्या खोकल्यासाठी मी मागच्याच आठवड्यात गॅरेजमध्ये जाऊन आलो होतो, ते तिला सांगितलं नव्हतं. गॅरेजवाला म्हणाला होता, "ठेवून जा." मी विचारलं, कधी मिळेल. तो म्हणाला, "ठेवून तर जा." त्याच्या मागच्या आवारात अशा ठेवून गेलेल्या बऱ्याच गाड्या होत्या. त्यातल्या एकीच्या मागच्या सीटवर मांजर व्यालं होतं आणि पिल्लं चांगली मोठी झालेली दिसत होती. मी गाडी घेऊन परत फिरलो.

तर नळी. रेडिएटरच्या खालून निघणारी, इंजिनाकडे जाणारी एक वाकडी रबरी नळी. दोन टोकांना दोन क्लिपा. क्लिपा सोडायच्या, जुनी काढायची, नवी घालायची. हे काम मी संध्याकाळच्या चहाआधी संपवणार होतो. मी जुना सदरा घातला, बाह्या दुमडल्या आणि गाडीचं बॉनेट उघडलं.

बॉनेट उघडलं की त्याचा आवाज फक्त शेजाऱ्यांनाच ऐकू जातो, असा माझा अनुभव आहे. आधी तळमजल्यावरचे होमिओपॅथ डॉक्टर आले. ते हात मागे बांधून गाडीकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "त्रास गरम झाल्यावर वाढतो की कमी होतो?"

"गरम झाल्यावरच होतो, डॉक्टर."

"चढावर चिडचिड? थरथर? सकाळी उठताना खोकला?"

यातलं सगळं गाडीला होतं. डॉक्टरांनी समाधानाने मान हलवली आणि सांगितलं, की आजार दाबायचा नसतो, बाहेर येऊ द्यायचा असतो. मी म्हटलं, तो बाहेरच येतोय, बघा ना, खाली साचलाय.

मग गार्डकाका आले. हे रेल्वेतून निवृत्त झालेले. इंजिनाबद्दल बोलण्याचा आपल्याला अधिकार आहे, अशी त्यांची ठाम समजूत आहे. वास्तविक गार्डाचा डबा गाडीच्या अगदी शेवटी असतो, आणि काकांनी नोकरीत इंजिन पाहिलं असेल ते प्लॅटफॉर्म वळणावर असेल तेव्हाच. पण हे त्यांना सांगायचं कोणी? ते आले, खाली वाकले आणि म्हणाले, "नळी नुसती ओढू नका. पिळून ओढा."

मी नुसती ओढली. ती निघाली नाही. मग पिळून ओढली. ती निघाली, आणि तिच्याबरोबर मी मागच्या मागे बसलो. माझ्या अंगावर जे पाणी आलं ते हिरवट रंगाचं होतं. मी उठेपर्यंत काकांनी आत हात घालून पंख्यामागचं चाक हलवून पाहिलं होतं.

"हे हलतंय," ते म्हणाले.

"चाक आहे, काका. हलणारच."

"फिरायला पाहिजे. डुगडुगायला नको."

चाक डुगडुगत होतं. म्हणजे पाणी फिरवणारा पंप गेला होता. नळी आज ना उद्या तशीही गेलीच असती, पण पंप गेला असेल तर गाडी खाणीपर्यंत काय, कोपऱ्यापर्यंतही नेण्यात अर्थ नव्हता. पंप काढायचा तर आधी पंखा काढायचा, पंख्यासाठी रेडिएटर काढायचा, रेडिएटरसाठी पुढची जाळी काढायची. आणि जाळी काढायची तर गाडीचा एक दिवा. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तो असा. संध्याकाळपर्यंत माझ्या गाडीचं तोंडच नाहीसं झालं होतं, आणि चहा वर गार होत होता.

इथे मी माझ्या एका अकलेच्या कामाचा उल्लेख करणार आहे, कारण पुढे जे घडलं त्यात ते वाया गेलं आणि त्याची दखल घेणारं दुसरं कोणी नाही. पंपाचे बोल्ट सगळे सारखे नसतात. दिसायला भावंडं, पण एक लांब, एक आखूड, एक मधलाच. लांब बोल्ट आखूड भोकात घालून पिळला, तर आतलं धातूचं अंग तडकतं, आणि मग इंजिनच भंगारात. म्हणून मी टेबलफॅनच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, त्यावर इंजिनाच्या तोंडाचं चित्र काढलं आणि प्रत्येक बोल्ट निघाला की पुठ्ठ्यावर त्याच जागी टोचून ठेवला. डॉक्टर म्हणाले, वा. काका म्हणाले, पद्धत आहे. घरी कधी कोणी मला असं म्हटलेलं नाही, त्यामुळे मी तो पुठ्ठा जरा जास्त वेळ हातात धरून उभा राहिलो असेन.

सोसायटीचे सेक्रेटरी पहिल्या बोल्टापासून मागे उभे होते, ते आता पुढे आले. हे गृहस्थ आवाज कधी चढवत नाहीत, फक्त नियम सांगतात.

"सामायिक जागेत इंजिनाचे सुटे भाग ठेवता येत नाहीत," ते म्हणाले.

"सुटे कुठे? गाडीचेच आहेत."

"गाडीत असतील तोवर गाडी. बाहेर आले की सामान. सामान पार्किंगमध्ये ठेवता येत नाही." मग त्यांनी माझ्या गाडीकडे, तिच्या उघड्या पोकळीकडे पाहिलं. "आणि खरं सांगायचं तर आता हेही सामानच आहे. वाहन म्हणजे जे स्वबळावर हलतं ते."

"मग कुठे ठेवू?"

"सामान अडगळीच्या खोलीत ठेवता येतं."

"गाडी अडगळीच्या खोलीच्या दारातून जाईल कशी?"

त्यांनी विचार केला. ते अन्यायी नाहीत. त्यांनी ठरवलं, की रविवारी संध्याकाळी ते स्वतः येऊन पाहतील. गाडी आपल्या पायांनी फाटकापर्यंत जाऊन परत आली, तर ती वाहन. नाहीतर गाडी ओढून नेणारा टोचनवाला बोलावण्यात येईल. सुटे भाग मात्र आजच वर न्यायचे. मी पंखा, जाळी, दिवा आणि तो पुठ्ठा असे सगळे जिने चढून वर नेले आणि पुठ्ठा जेवणाच्या टेबलावर जपून ठेवला, कारण घरात तेवढी एकच सपाट जागा होती.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून नव्या पंपासाठी सुट्या भागांच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या माणसाने गाडीचं वर्ष विचारलं. सांगितलं. त्याने विचारलं, "वर्षाच्या आधीची की नंतरची?" मला प्रश्न कळला नाही. तो म्हणाला, त्या वर्षी मध्यावर कंपनीने पंप बदलला, तेव्हा आधीची की नंतरची. मी म्हटलं, मला ती माझ्याकडे आली तेव्हापासूनची ठाऊक आहे. त्याने दीर्घ श्वास घेतला आणि दोन्ही पंप पुढ्यात ठेवले. मी जुना पंप पिशवीतून आणला होता, म्हणून त्या वेळी तरी अब्रू राहिली.

"आणि याचं गॅस्केट?" मी विचारलं. दोन धातूंच्या मधून पाणी गळू नये म्हणून जी कागदाची चकती बसवतात, ती. हा शब्द मला नुकताच कळला होता, आणि तो मी सहज वापरल्यासारखा वापरला.

"गॅस्केट पंपाबरोबर येत नाही."

"मग कशाबरोबर येतं?"

"पंप गॅस्केटबरोबर येतो. तो संच संपलाय." त्याने जाड कागदाची एक सुरळी काढली. "हा घ्या. घरी कापा."

मी सुरळी बगलेत मारून घरी आलो. आणि आता मी त्या प्रसंगाकडे येतो, जो लिहायचं मी आतापर्यंत टाळत होतो.

माझ्या सासूबाई आमच्याकडे राहतात. काही दिवसांसाठी म्हणून आल्या होत्या, त्याला बरीच वर्षं झाली. त्या मुलींच्या शाळेत शिवण शिकवत. टापटीप हा त्यांचा स्वभाव नाही, तो त्यांचा धर्म आहे. त्यांच्याकडे कप्प्यांचे डबे आहेत, त्यांत घरातली आणि बहुधा गल्लीतलीही सगळी सुटी बटणं मापाप्रमाणे लावलेली आहेत. मी दार उघडलं तर जेवणाच्या टेबलावर धुतलेला टेबलक्लॉथ घातलेला. मधोमध बटणांचा एक डबा. त्यात माझे बोल्ट. छोटे छोट्यांत, मधले मधल्यांत, लांब लांबांत. साबणाच्या गरम पाण्यातून काढून, फडक्याने कोरडे करून, वर यंत्राच्या तेलाचा हात फिरवून. ते इतके लखलखीत त्यांच्या जन्माच्या दिवशीही नसतील.

"पुठ्ठा?" मी विचारलं.

"तो मळका? रद्दीवाला आला होता, दिला." त्या प्रसन्नपणे म्हणाल्या. "जेवणाच्या टेबलावर काय ठेवता हो असलं काही. बघा तरी, कसे दिसतायत."

मी ओरडलो. शब्द काही वाईट नव्हते. "आई, हे काय करून ठेवलंत तुम्ही," एवढंच. पण त्या घरात आजपर्यंत कोणी त्यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता, आणि चढवणाऱ्यांत मी सगळ्यांत शेवटचा ठरेन, अशी माझी ख्याती होती. त्यांनी डब्याचं झाकण लावलं, डबा माझ्या हातात दिला, "तुमचं सामान" म्हणाल्या आणि आपल्या खोलीत गेल्या. मला सेक्रेटरींच्या तोंडचा तो शब्द त्यांच्याकडून ऐकताना फार लागलं.

बायकोला सगळं सांगितलं. ती खुर्चीत बसली.

"म्हणजे कोणता बोल्ट कुठला, ते आता कळणार नाही?"

"नाही."

"आणि चुकला तर इंजिन जाईल."

"हो."

ती थोडा वेळ टेबलक्लॉथची सुरकुती सरळ करत राहिली. मग म्हणाली, "असू दे. मी त्या पुढच्या बाईंना फोन करते उद्या."

मला त्या क्षणी आपल्याच कानशिलात दोन मारून घ्याव्यात असं वाटलं. नळी बदलण्याच्या हौसेने मी तिची खुर्ची घालवत होतो. "फोन करू नकोस," मी म्हणालो. "रविवार संध्याकाळपर्यंत करू नकोस. मी अजून हात टेकलेले नाहीत." ती "बरं" म्हणाली, पण ते मला समजावण्यासाठी होतं. त्या रात्री आम्ही तिघं जेवायला बसलो. सासूबाईंनी मला वाढलं, पण वाढताना पातेल्याकडे बघून वाढलं.

सकाळी मला एक युक्ती सुचली. बोल्ट निघाले तेव्हा मी एकटा थोडाच होतो? डॉक्टर होते, काका होते, सेक्रेटरी होते. कोणता बोल्ट कुठून निघाला, यावर त्यांनी माझ्या डोक्यावर उभं राहून चर्चा केली होती. म्हणजे माझ्याकडे प्रत्यक्षदर्शी साक्षीदार होते. मी तिघांना पार्किंगमध्ये बोलावलं, डबा उघडून पुढे धरला आणि म्हणालो, "आठवून सांगा. हा उजवीकडचा वरचा कोणता?"

डॉक्टर डोळे मिटून म्हणाले, "आठवतंय. तो निघाला तेव्हा तुमच्या कपाळाला काळं लागलं होतं."

"बोल्ट कसा होता?"

"ते नाही आठवत. काळं भुवईपर्यंत होतं."

"काका, तुम्ही?"

"डावीकडचा निघाला तेव्हा तुमचं बोट चेमटलं," काका म्हणाले. "तुम्ही एक शब्द वापरलात. तो या वयात तुमच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला."

"लांब होता का?"

"शब्द?"

सेक्रेटरींना आपण कोणत्या वेळी कोणता नियम सांगितला, ते सगळं क्रमाने आठवत होतं. बोल्ट एकही नाही. मी हताश होऊन विचारलं, "अहो, तासभर उभे होतात ना तिघं इथे? मग बघत काय होतात?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी डॉक्टर अगदी मऊपणाने म्हणाले, "खरं सांगू का? आम्ही इंजिनाकडे कुठे बघत होतो? तुमच्याकडे बघत होतो."

मी डबा बॉनेटच्या कडेवर ठेवला. मला राग आला नाही. फक्त मिटून जावंसं वाटलं. मी इतकी वर्षं पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीत बसून लोकांचं ऐकून घेतो, पण आपणच तक्रारीचा विषय असण्याची मला सवय नाही.

"सरका जरा," मागून आवाज आला.

सासूबाई होत्या. गळ्यात मापाची फीत, नाकावर चष्मा, एका हातात विणायची लांब सुई, दुसऱ्यात कात्री. त्या वरच्या खिडकीतून सगळं ऐकत होत्या, हे उघड होतं. त्यांनी तिघा साक्षीदारांकडे असं पाहिलं की काका दोन पावलं मागे गेले.

"माणसांना विचारून कपडा शिवत नाहीत," त्या म्हणाल्या. "माप घेतात."

आणि त्यांनी विणायची सुई इंजिनाच्या पहिल्या भोकात घातली. तळाला टेकेपर्यंत घातली, भोकाच्या तोंडाशी नखाने धरली, बाहेर काढली आणि फितीवर ठेवली. मग नव्या पंपाच्या कानाची, म्हणजे बोल्ट ज्यातून जातो त्या कडेची, जाडी मोजली. दोन्ही मापं मनात मिळवली. "टोक तळाला टेकता कामा नये. थोडी दुमड सोडते," त्या म्हणाल्या, आणि डब्याच्या बरोबर एका कप्प्यात हात घालून बोल्ट काढला. शोधावा लागलाच नाही. सगळे मापाप्रमाणे लावलेलेच होते.

मी बोल्ट घेतला. घसा खाकरला. "आई, काल मी जरा..."

"तो खालचा भाग पुसा आधी. बोलत बसू नका."

मी पुसला. पुढे काय झालं ते सांगताना मला त्या बाईंचा अभिमान वाटतो, आणि तो मी लपवत नाही. त्या एकेका भोकाचं माप घेत गेल्या आणि एकेक बोल्ट माझ्या हातावर ठेवत गेल्या. दोन बोल्ट अगदी सारखे निघाले तेव्हा म्हणाल्या, "हे जुळे आहेत, कुठेही बसतील." मग त्यांनी ती कागदाची सुरळी मागितली. पंपाच्या तोंडाला तेलाचं बोट फिरवलं, कागद त्यावर दाबला, उचलला. कागदावर पंपाचा तेलकट ठसा उमटला होता. त्यावरून त्यांनी कात्री चालवली. मधे एकदाही थांबल्या नाहीत. बोल्टांची भोकं पाडायला काज करायचं हत्यार वापरलं. डॉक्टर "वा" म्हणाले. ते त्यांनी माझ्या पुठ्ठ्यालाही म्हटलं होतं, पण हे "वा" निराळं होतं, हे मला मान्य करावं लागेल.

पाना मात्र माझ्याच हातात होता. एकदम एकच बोल्ट न पिळता, सगळे थोडे थोडे, आडवेतिडवे आवळत जायचे, हे मला बायकोने खिडकीतून सांगितलं. ती कधी येऊन उभी राहिली, कळलंही नाही. तिच्या हातात फोन होता. तो तिने वापरला नाही.

रविवारी संध्याकाळी सेक्रेटरी ठरल्याप्रमाणे आले. पांढरा सदरा, इस्त्रीची घडी मोडलेली नाही. रेडिएटर बसला होता, खालची नवी नळी बसली होती, जाळी बसली होती, दिवा बसला होता, जरासा आकाशाकडे बघत होता पण बसला होता. मी पाणी भरलं. बायको आत बसली. तिने किल्ली फिरवली. गाडी खोकली, थरथरली, पुन्हा खोकली आणि सुरू झाली. सेक्रेटरी नीट बघायला बॉनेटवर वाकले.

वरच्या नळीची क्लिप आवळायची मी विसरलो होतो. खालच्या नळीच्या नादात वरचीकडे कोणाचं लक्षच नव्हतं. नळी सुटली आणि सगळं पाणी, जे अजून नशिबाने गारच होतं, ते एका जाड धारेने निघून सेक्रेटरींच्या सदऱ्यावर गेलं. त्यांनी तोंड चुकवलं नाही. ती पदाची सवय असावी. धार थांबल्यावर ते म्हणाले, "याची नोंद होईल." काका तिकडे भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

मी क्लिप आवळली. दोनदा आवळली. पुन्हा पाणी भरलं, पुन्हा किल्ली. या वेळी गाडी एका दमात सुरू झाली. आम्ही ती चालू ठेवून सगळे गोल उभे राहिलो. इंजिन तापलं. पंखा फिरत होता. पंपाचं चाक गरगर फिरत होतं, डुगडुगत नव्हतं. गाडीखाली मी कोरडं वर्तमानपत्र अंथरलं होतं. ते ओढून काढलं, तेव्हा डॉक्टरांनी ते दोन्ही बाजूंनी तपासलं. कोरडं होतं. सासूबाईंनी ते त्यांच्या हातातून घेतलं, स्वतः तपासलं आणि घडी घालून काखेत ठेवलं.

बायकोने गाडी फाटकापर्यंत नेली, वळवली आणि परत आणली. सेक्रेटरींचा सदरा अंगाला चिकटला होता. त्यांनी मान हलवली. "वाहन आहे," ते म्हणाले. मला वाटतं, इतकं मोठं प्रशस्तिपत्र मला आजवर कोणी दिलेलं नाही. मी वर आलो आणि हात धुताना आरशात पाहिलं. कपाळाला भुवईपर्यंत काळं होतं. ते मी थोडा वेळ तसंच राहू दिलं.

सोमवारी सकाळी मी हत्यारांची पेटी घेऊन पुढच्या सीटवर बसायला निघालो, तर बायकोने दार लावून घेतलं.

"नव्या मुख्याध्यापिका पहिल्याच दिवशी नवऱ्याला आणि पान्यांना घेऊन शाळेत आल्या, असं व्हायला नको."

"वाटेत काही झालं तर?"

"तर बघेन."

मग मी तिला काचेतून, म्हणजे जी काच ओढल्याशिवाय वर जात नाही तिच्यातून, सूचना दिल्या. डावीकडचा छोटा काटा तापमानाचा. तो मध्यावर हवा. मध्याच्या वर गेला की गाडी बाजूला घ्यायची, बंद करायची, झाकण उघडायचं नाही. खाणीच्या चढावर तर त्या काट्यावरून नजर हलवायची नाही. ती सगळ्याला हो म्हणाली. सासूबाई गॅलरीत होत्या. काकांनी शिट्टी वाजवली, कारण गाडी शिट्टीशिवाय सुटत नाही असं त्यांचं म्हणणं आहे, आणि ती गेली. मला हात करायला तिने मान वळवली नाही, आणि मुळात मीच तिला ती वळवू नको म्हणून बजावलं होतं.

मी कार्यालयात खिडकीत येऊन बसलो. समोर रांग होती. लोक बिलांचं सांगत होते, गळतीचं सांगत होते, मी हं हं करत होतो आणि डोळ्यांपुढे तो काटा होता. काटा मध्यावर. काटा मध्याच्या किंचित वर. काटा लाल रेघेवर, वाफ, खाणीचा चढ, आणि रस्त्याच्या कडेला नव्या साडीत उभी माझी बायको. तिकडे शाळेची घंटा होतेय आणि पुढच्या बाई फोन उचलतायत. एका गृहस्थांनी तीच तक्रार दुसऱ्यांदा सांगितली. मी ती तिसऱ्यांदा सांगायला लावली.

फोन वाजला.

"पोचले," ती म्हणाली. मागे मुलांचा गलका होता, आणि घंटाही ऐकू येत होती. "हजेरीवर सही केली. आत्ता खुर्चीत बसलेय."

माझ्या तोंडून अभिनंदन निघायला हवं होतं. मी विचारलं, "काटा कुठे होता?"

"कुठला काटा?"

"तापमानाचा. चढावर. किती वर गेला?"

ती जरा ओशाळून म्हणाली, "अहो, मी तिकडे बघितलंच नाही. रस्ता बघत होते. बघायचं लक्षातच आलं नाही."

"अगं, एवढं सांगितलं होतं..."

"तुम्ही दोघांनी बसवलाय ना पंप," ती म्हणाली. "मग काय बघायचं?"

तिला कोणीतरी बोलवायला आलं. "ठेवते," म्हणाली आणि तिने फोन ठेवला. मी फोन हातात धरून बसून राहिलो. चष्मा काढून पुसला, पण तो स्वच्छच होता. खिडकीपलीकडचे गृहस्थ वाकून माझ्याकडे बघत होते.

"काय झालं साहेब? काही वाईट बातमी?"

"नाही," मी म्हणालो. "आमची गाडी पोचली."

मग मला ते बरोबर वाटलं नाही, म्हणून मी त्यांना पुन्हा, नीट सांगितलं. "आमच्या मुख्याध्यापिका पोचल्या." आणि त्यांची तक्रार लिहून घ्यायला घेतली.